पणजीतला ‘१७४५ चा’ स्कॉटिश खंजीर: आधी मूठ पाहा

पणजीत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात स्कॉटलंडचा डर्क, म्हणजे तिथला कमरेचा खंजीर, विकायला आहे. चिठ्ठीवर ‘१७४५’, किंमत १८,००० रुपये. आमच्या मते ही शोभेची वस्तू आहे.

पात्यावरच्या गंजावर जाऊ नका. गोव्यात उघडं लोखंड एका पावसाळ्यात तांबूस होतं. जुन्या पोलादावरचा गंज काळपट आणि घट्ट असतो, हाताला लागत नाही. इथे रुमाल फिरवला की तांबडी पूड उतरते.

खरी परीक्षा मुठीची. जुनी मूठ लाकडात कोरलेली, वेणीसारख्या नक्षीची. प्रत्येक पट्टा आळीपाळीने वरून-खालून जातो. दहापट भिंगातून खाचेच्या तळाशी हत्याराचे ओरखडे दिसतात आणि दोन बाजू कधीच तंतोतंत जुळत नाहीत. इथे खाचांचे काठ गुळगुळीत, मधे टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे आणि कडेने वरपासून खालपर्यंत साच्याची सरळ शिवण. हे साच्यात ओतलेलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ. टोकाला तर चक्क स्क्रूवर फिरवायचा नट आहे! जुन्या डर्कात पात्याचं शेपूट मुठीतून आरपार काढून वरच्या टोकाला हातोडीने ठोकून बसवलेलं असतं.

मुठीच्या माथ्यावर मोठा पिवळा खडा तिरपा बसवलाय. चिठ्ठी इथेच खोटी पडते, कारण असा केर्नगॉर्म, म्हणजे स्कॉटलंडचा पिवळसर स्फटिक, बसवण्याची रीत एकोणिसाव्या शतकातली. १७४५ ला सुरू झालेलं स्कॉटलंडमधलं बंड १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत चिरडलं गेलं, त्याच वर्षी तिथल्या डोंगराळ हायलँड भागाच्या पोशाखावर कायद्याने बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज स्कॉटलंडची राजधानी एडिंबरोला आला आणि मिरवायच्या डर्कांना जोर चढला. ते डर्कही मोलाचेच. त्यातला एडिंबरोत घडलेला असेल तर चांदीवर किल्ल्याचा छाप शोधावा. इथल्या ‘चांदीच्या’ पट्ट्या लोहचुंबकाला चिकटतात.

म्यानातली जेवणाची छोटी सुरी आणि काटा ओढून बघा: नुसत्या मुठी चिकटवल्यात, खाली पातंच नाही.

दुकानदार वस्तू उजेडात नेऊ देतो, भिंग लावू देतो, ही चांगली गोष्ट. भिंतीवर टांगायला हवा असेल तर २,५०० च्या वर जाऊ नका आणि बिलावर ‘नक्कल’ असं लिहून घ्या. पातं १२ इंची आहे. ९ इंचांहून लांब पात्यांचा शस्त्र नियमांत उल्लेख आहे, तेव्हा घेण्याआधी पोलीस ठाण्यात परवान्याचं विचारा.