श्राव्य बायबलचं यंत्र: आवाज उत्तम, पण वचनाचं बटण कुठंय?

सौर पट्टी, मेमरी कार्ड वगैरे सगळं तुम्ही खोक्यावर वाचलंच असेल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. चार्जिंगची पिन आत ढिली झाली. कंपनी म्हणे वॉरंटी संपली, यंत्र पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चाने. त्या कुरिअरच्या पैशांत बाजारातल्या मोबाइलवाल्याने नवं सॉकेट बसवून दिलं, वर चहाही पाजला.

खरी तक्रार वेगळीच. पुढे-मागे जायचं बटण अध्यायाचं आहे, वचनाचं (म्हणजे अध्यायातल्या एकेका क्रमांकाच्या ओळीचं) नाही. आईला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून संध्याकाळच्या प्रार्थनेला हे यंत्र लावतो. सध्या बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक चालू आहे. दुसरा अध्याय घ्या. हा नहेम्या म्हणजे शूशनच्या राजवाड्यात पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, राजाला द्राक्षारस देणारा. यरुशलेमचा तट पडलाय, वेशी जळल्यात, हे किसलेव या यहूदी महिन्यात कळलं, तेव्हापासून त्याचा उपास आणि प्रार्थना. चार महिन्यांनी, निसानमध्ये (साल इ.स.पू. 445 धरतात) राजा विचारतो, तुझं मागणं काय? आणि उत्तर द्यायच्या आधी हा देवाची प्रार्थना करतो. तिथंच, राजासमोर उभ्याउभ्या. निवेदक मात्र शेवटची एसटी पकडायची असल्यासारखा तिथून सुटतो. ते चौथं वचन परत ऐकायचं तर अध्याय पहिल्यापासून! आईला ते रोज परत हवं असतं.

प्रार्थना संपताच मागतो काय, तर यरुशलेम पुन्हा बांधायला जायची परवानगी, वाटेतल्या प्रांतांच्या अधिपतींसाठी पत्रं आणि लाकूड मिळावं म्हणून राजाच्या वनरक्षकाच्या नावे चिठ्ठी. मधल्या महिन्यांत गुडघे टेकताना डोक्यात यादीही तयार होत असणार.

तिसरा अध्याय नुसता नावांचा, आणि मधून उडी मारता येत नाही म्हणून आधी जाम वैतागलो होतो. आता त्यासाठीच एक स्टार वाढवतोय. सोनार आणि अत्तरवाले तट बांधताहेत, शल्लूम नावाचा एक जण मुलींना घेऊन कामाला आलाय, तकोवा गावच्या सरदारांनी मात्र खांदा दिला नाही, तेही नोंदवलंय. “कोण आलं नाही ते पण लिहिलंय होय!” म्हणत आईने चर्चच्या साफसफाईला न आलेल्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. थांबवावं लागलं.

पाचव्या अध्यायात पैसे वसूल. तट 52 दिवसांत झाला हे सगळे सांगतात, पण मला हा हिशेब आवडतो. व्याजापायी गहाण पडलेली शेतं तो सावकारांना परत करायला लावतो आणि स्वतः तिथला अधिपती असूनही 12 वर्षं त्या पदाचा भत्ता घेत नाही. पंगतीला 150 यहूदी आणि अंमलदार, शिवाय पाहुणे. रोज एक बैल, सहा मेंढरं. आमच्या कमिटीला हा अध्याय ऐकवायची फार इच्छा आहे.

तेराव्यात हाच माणूस लोकांच्या झिंज्या उपटतो. नातवंडं असतील तर तयारीत राहा.

घ्यायचं तर घ्या, पण वायर लावून ऐकू नका, पिन त्यानेच ढिली होते. वचनाचं बटण असलेलं मॉडेल कुणाला दिसलं तर कळवा. पाच पैकी साडेतीन.