मनीचं रक्त आणि सात महिन्यांचं डार्बेपोएटिन

आमची मांजर मनी ट्रेमधली वाळू चाटायला लागली तेव्हा आम्ही हसलो होतो. म्हातारचळ, दुसरं काय! आधीच्या डॉक्टरांनीही "वय झालंय तिचं" म्हणून परत पाठवलं. मग एके दिवशी जांभई देताना हिरड्या दिसल्या, भिजलेल्या कागदासारख्या पांढऱ्या. तपासणीत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, निघालं 17. निरोगी मांजराचं साधारण 30 ते 45 असतं. अंगात रक्त नसलं की मांजरं माती-वाळू चाटतात, हे मला तेव्हा कळलं.

मनी 14 वर्षांची, वजन 3 किलो, किडनीचा आजार जुना. किडनी थकली की एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडतं आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायचा निरोपच जात नाही. मांजराची तांबडी पेशी जगते जेमतेम 70 दिवस. नवी भरती थांबली की रक्त उतरणारच. त्यावर उपाय डार्बेपोएटिन, एरिथ्रोपोएटिनचंच काम करणारं औषध. नव्या डॉक्टरांनी मात्र लगेच त्याचं इंजेक्शन काढलं नाही. पिसवा, रक्तातले जंतू, पोटात कुठे रक्तस्राव, सगळं आधी तपासलं. रक्त दुसरीकडूनच गळत असेल तर या औषधाचा काय उपयोग?

डार्बेपोएटिन मूळचं माणसांचं औषध. डोस किलोमागे 1 मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा, कातडीखाली. मनीच्या वाट्याला येतो तो अक्षरशः थेंबभर. फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही, हलवायचं नाही. सुरुवातीलाच लोहाचं इंजेक्शनही दिलं, कारण कारखाना सुरू करून कच्चा माल द्यायचा नाही असं चालत नाही. ते इंजेक्शन तिला खूप दुखलं. त्या दिवशी ती कपाटाखालून बाहेरच आली नाही.

भीती होती ती एका गोष्टीची. हे प्रथिन माणसाचं, मांजराचं शरीर त्याला परकं समजून प्रतिपिंडं तयार करू शकतं. ती प्रतिपिंडं मग मांजराच्या स्वतःच्या उरल्यासुरल्या एरिथ्रोपोएटिनवरही तुटून पडतात आणि रक्त बनणं जवळजवळ थांबतं. अशा मांजराला मग बाहेरून रक्त चढवत राहावं लागतं. याच कामाच्या जुन्या औषधात, एपोएटिनमध्ये, हा धोका बराच, डार्बेपोएटिनमध्ये बराच कमी. पण शून्य नाही. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं आणि विचारलं, "थांबायचं का?" 17 वर थांबण्यात काय होतं? ती पाण्याच्या वाटीपर्यंत जाताना मध्ये दोनदा बसत होती. आकडा 26 असता तर मी नक्की थांबले असते.

पहिले दोन आठवडे काहीच फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात ती खिडकीत चढली. चौथ्या आठवड्यात हिमॅटोक्रिट 23 आणि त्याच दिवशी ब्लड प्रेशर 185! हा दुष्परिणाम कागदावर वाचलेला होता, पण तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या उजेडातही मोठ्या दिसताहेत हे मला आधीच कळायला हवं होतं. दाब असाच राहिला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर आंधळं होऊ शकतं. सुदैवानं तिचा पडदा शाबूत होता. दाब उतरवणाऱ्या अम्लोडिपीनची इवलीशी मात्रा सुरू झाली आणि दाब दीडशेच्या आत आला. माझी खरी तक्रार इथेच आहे: सुरुवातीच्या तीन आठवड्यांत कुणीच दाब मोजला नाही, आणि मीही मागे लागले नाही.

29 आल्यावर मला वाटलं, आता नेऊ 40 पर्यंत. डॉक्टरांनी उलट इंजेक्शनांमधलं अंतर वाढवलं, आधी दोन आठवडे, मग तीन. रक्त गरजेपेक्षा दाट झालं तर दाब चढतो, गुठळ्यांची आणि फिट येण्याची भीती असते. ज्या औषधानं 17 वर जीव वाचवला तेच 40 वर घात करू शकतं, हे पचायला मला वेळ लागला.

पाचव्या महिन्यात आकडा 29 वरून 24 वर घसरला. झाली वाटतं प्रतिपिंडं! त्या रात्री मी झोपले नाही. पण रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी दिसत होत्या. मज्जा बंद पडली असती तर त्या जवळजवळ नाहीशाच झाल्या असत्या. लोह संपलं होतं. पुन्हा ते दुखरं इंजेक्शन, आणि महिन्याभरात 28. एक बारीक गोष्ट: 3 किलोच्या मांजरात एकूण रक्तच पावणेदोनशे-दोनशे मिली. दर तपासणीला त्यातलंच निघतं. लहान मुलांसाठीची छोटी नळी वापरायला मी आता न विसरता सांगते.

मोलिडुस्टॅट या दुसऱ्या औषधाचा विचारही केला होता. अमेरिकेत 2023 मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, किडनीच्या आजारातल्या मांजरांच्या ॲनिमियासाठी (रक्तक्षयासाठी) त्याला सशर्त मान्यता दिली. ते तोंडानं द्यायचं, रोज, जास्तीत जास्त 28 दिवस, मग खंड. मांजराच्या शरीरालाच एरिथ्रोपोएटिन बनवायला लावतं, म्हणून परक्या प्रथिनाचा प्रश्न येत नाही. पण उलट्या आणि गुठळ्यांची शक्यता त्यातही आहेच. मनीला आधीच मळमळ. शिवाय रोज तोंडात औषध घालणं म्हणजे रोज युद्ध. आठवड्याची एक सुई तिला परवडली.

किडनी यानं सुधारलेली नाही. क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढणारा घटक) 3.4 वरून 4.1 वर गेलंय, भूकही कधी असते, कधी नसते. पण वाळू चाटणं बंद आहे, हिरड्या फिकट गुलाबी आहेत, आणि सकाळी पाचला माझ्या छातीवर चढून ओरडायची जुनी खोड परत आली आहे. पुढचं इंजेक्शन गुरुवारी. त्याआधी ब्लड प्रेशर.