कॅरव्हॅनचं प्रदर्शन की डीलरचं यार्ड: तिकीट काढून जावं का?

जानेवारी उजाडला की इंग्लंडमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून एक फोन ठरलेला असतो. मुलं हिंडतीफिरती झालेली असतात, शाळेच्या सुट्टीतले हॉटेलांचे दर डोळे पांढरे करतात, आणि कॅरव्हॅन, म्हणजे कारमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचं मनात जवळजवळ पक्कं झालेलं असतं. मग प्रश्न येतो: "ताई, फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या एनईसी प्रदर्शन केंद्रात मोठं प्रदर्शन आहे म्हणतात. तिकीट काढून जायचं, की डीलरकडे फुकट बघायला मिळतं तेवढं पुरे?"

पहिलीच आणि तीही नवी कोरी घ्यायची असेल, आतली मांडणी कोणती हवी हे अजून ठरत नसेल, तर एकदा जरूर जा. सेकंडहँड घ्यायची असेल तर तिकिटाचे पैसे वाचवा. आणि गेलातच, तर बघून या, डिपॉझिट मात्र तिथे भरू नका. हे शेवटचं मी इतक्या ठामपणे का सांगते आहे ते पुढे येईलच.

आधी खर्चाचं. लोक तिकिटाच्या किमतीवर अडतात, पण दिवसाच्या खर्चात तिकीट हा लहान तुकडा आहे. पेट्रोल किंवा ट्रेन, पार्किंग, हॉलमधलं महागडं जेवण हे सगळं धरून आम्हा चौघांचा दिवस ऐंशी पौंडांच्या आसपास गेला होता, तोही लेस्टरहून, म्हणजे जवळूनच. एनईसी बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनला लागूनच आहे, त्यामुळे दोघंच असाल तर ट्रेन बरी. स्कॉटलंडमध्ये असाल तर ग्लासगोला एसईसीमध्येही हिवाळ्यात असं प्रदर्शन असतं, तेवढ्यासाठी खाली बर्मिंगहॅमपर्यंत यायची गरज नाही. तिकीट आगाऊ काढलं तर स्वस्त पडतं. कॅरव्हॅन क्लबांच्या सदस्यांना सवलत मिळते का तेही बघून घ्या.

डीलरच्या यार्डात जायला काहीच पडत नाही. मग प्रदर्शनात असं काय मिळतं जे तिथे नाही?

एका छताखाली सगळ्या मांडण्या

यार्डात साधारण दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या असतात, त्यातही जी मॉडेलं त्या डीलरने मागवली तेवढीच. स्विफ्ट, बेली, कोचमन, एल्डिस हे सगळे ब्रिटिश उत्पादक आणि शिवाय जर्मन कंपन्या एकापाठोपाठ एक बघायच्या तर चार-पाच यार्डांत चार-पाच शनिवार घालवावे लागतात. तोवर पहिल्या शनिवारी काय पाहिलं ते डोक्यातून गेलेलं असतं. प्रदर्शनात एका कॅरव्हॅनमधून उतरून दोन मिनिटांत दुसरीत चढता येतं. ही तुलना अंगाने करायची असते, ब्रोशरमधल्या नकाशावरून ती कळत नाही.

आमचंच सांगते. घरून निघताना आम्हाला आयलंड बेड हवा होता, म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग. कागदावर तो फार छान दिसतो. प्रत्यक्षात आडवा बसवलेला आयलंड बेड दिवसा आत सरकवून ठेवावा लागतो, नाहीतर मागच्या बाथरूमपर्यंत जायला वाट उरत नाही. दुपारी कुणाला जरा पडायचं म्हटलं की पुन्हा तीच ओढाताण. हे आम्हाला सहाव्या की सातव्या गाडीत चढल्यावर कळलं, तेव्हा मुलगी पलंगावर आडवी होती आणि मुलाला बाथरूमला जायचं होतं. शेवटी आम्ही मागे दोन बंक आणि पुढे सोफ्यांचा डबल बेड अशी मांडणी घेतली, जी घरून निघताना यादीतही नव्हती.

म्हणून गेलात तर लाजू नका. बूट काढून पलंगावर आडवे व्हा, दोघंही, एकाच वेळी. टॉयलेटचं दार लावून आत बसून बघा. शॉवरमध्ये केस धुवायची नक्कल करा आणि कोपर कुठे आपटतं ते बघा. सोफ्याचा पलंग करायला सेल्समनला सांगू नका, स्वतः करा, कारण पावसातल्या रात्री नऊ वाजता तो तुम्हालाच करायचा आहे. शक्यतो कामाच्या दिवशी जा. शनिवार-रविवारी प्रत्येक दारापाशी रांग असते आणि आतल्या माणसाला बाहेरच्यांची घाई जाणवते.

यार्डाची जमेची बाजू इथे वेगळी आहे. तिथे गर्दी नसते. एकाच गाडीत अर्धा तास बसा, कोणी उठवत नाही. म्हणून एनईसीला चाळीसातून दोन निवडायच्या आणि त्या दोन यार्डात जाऊन निवांत बघायच्या, हा क्रम मला सगळ्यात पटतो.

वजनाचा हिशेब

झगमगाटात सर्वांत जास्त विसरला जातो तो हाच. प्रत्येक कॅरव्हॅनच्या पाटीवर भरलेल्या अवस्थेतलं कमाल वजन असतं, त्याला एमटीपीएलएम म्हणतात. त्यातून तयार रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की तुमच्या सामानाला किती वाव उरतो ते कळतं. एका ॲक्सलच्या चार बर्थी गाडीत तो बऱ्याचदा १५० किलोच्या आसपास असतो. ऐकायला पुष्कळ वाटतो. पण मोटर मूव्हर, म्हणजे कारशिवाय कॅरव्हॅन जागेवर हलवणारी मोटर, बसवला की ३० किलो गेले. ऑनिंग, म्हणजे बाजूला लावायचा तंबू, खांबांसकट २० ते ३० किलो. बॅटरीही बऱ्याच कंपन्या याच हिशेबात धरतात, ती २० किलोच्या पुढे. चौघांचे कपडे, भांडी, खुर्च्या आणि धान्य उरलेल्या सत्तरेक किलोंत बसवायचं.

आणि तुमची कार किती ओढू शकते? कारच्या व्ही५सी नोंदणीपत्रावर ओ.१ या रकान्यात ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा दिलेली असते, त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. क्लब नवख्यांना सांगतात की भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन कारच्या कर्बवेटच्या, म्हणजे सामानाशिवायच्या कारच्या वजनाच्या, ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. तो कायदा नाही, सल्ला आहे, पण मोटरवेवर शेजारून लॉरी गेली की कॅरव्हॅन कशी डुलते ते एकदा अनुभवलं की पटतो. १,६०० किलोची कार असेल तर १,३६० किलोच्या वरच्या गाड्यांकडे प्रदर्शनात वळूच नका, कितीही सुंदर असल्या तरी.

लायसन्सचंही इथेच सांगते. १ जानेवारी १९९७ नंतर चाचणी पास झालेल्यांना, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचंच मोटरहोम, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारं घर, चालवता येतं. हॉलमधली काही मोठी मोटरहोम्स या मर्यादेच्या वर असतात. कॅरव्हॅन ओढायला मात्र इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून वेगळी परीक्षा लागत नाही, ट्रेलर ३,५०० किलोपर्यंत असला म्हणजे झालं.

सही कुठे करायची

आता आमची चूक. दुपारी तीनपर्यंत मुलं पेंगुळली होती, मांडणी मनात भरली होती, आणि स्टँडवरच्या माणसाने सांगितलं की आज बुक केलं तर मूव्हर आणि ऑनिंग फुकट. आम्ही डिपॉझिट भरलं. तो डीलर डेव्हनचा होता, आमच्या घरापासून दोनशे मैलांवर. घ्यायला एकदाच जायचंय, असा विचार केला.

पहिल्याच शरद ऋतूत पुढच्या खिडकीच्या कडेने पाणी झिरपायला लागलं. वॉरंटीत होतं, पैशाचा प्रश्न नव्हता. पण घराजवळच्या डीलरने सांगितलं की आधी आमच्याकडून घेतलेल्या गाड्या, मग जागा उरली तर तुमची. त्याचा मला राग येत नाही, त्याच्या कार्यशाळेत जागाच तेवढी होती. शेवटी माझा नवरा ती गाडी ओढत डेव्हनला दोनदा घेऊन गेला, एकदा सोडायला आणि एकदा आणायला. कॅरव्हॅन लावल्यावर मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा असते, म्हणजे प्रत्येक खेपेचा पूर्ण दिवस. त्यात ईस्टरची सुट्टी गेली.

नव्या कॅरव्हॅनला पहिल्या वर्षात एखादं-दुसरं काम निघतंच, आणि वॉरंटी टिकवायची तर दरवर्षी ठरलेली सर्व्हिस करावी लागते. म्हणून विकणारा तासाभराच्या अंतरावर असणं हे फुकटच्या मूव्हरपेक्षा मोलाचं आहे. आमच्या एका मित्राने आमचं ऐकून प्रदर्शनातली ऑफर लिहून घेतली आणि पुढच्या आठवड्यात जवळच्या डीलरला दाखवली. मूव्हर मिळाला, ऑनिंगच्या जागी थोडी सूट मिळाली. दरवेळी जमेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही. जुनी गाडी बदल्यात देणार असाल तर प्रदर्शनात ती फोटोंवरूनच जोखली जाते. यार्डात नेली तर भाव समोरासमोर ठरतो आणि नंतर बदलत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. ऑनलाइन खरेदीत १४ दिवसांत मन बदलायची मुभा असते, ती प्रदर्शनातल्या स्टँडवर असेलच असं धरून चालू नका. व्यापारी जत्रेतला स्टँड हा विक्रेत्याचा व्यवसायाचा परिसर ठरू शकतो, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१८ साली दिला, आणि तसा तो ठरला की ही मुभा लागू होत नाही. सदोष माल ३० दिवसांत परत करून सगळे पैसे मागायचा २०१५ च्या कंझ्युमर राइट्स ॲक्टमधला हक्क मात्र कुठेही घेतलीत तरी आहे. पण तो बजावायला गाडी कुठे न्यायची, हा प्रश्न पुन्हा अंतराशीच येतो.

क्रेडिट कार्डाबद्दल एक बारकावा. १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली, डिपॉझिटचा काही भाग जरी कार्डावर भरला तरी विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार असते. मात्र वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असावी लागते. नवी कॅरव्हॅन घेताना ही वरची रेषा सहज ओलांडली जाते, आणि मग त्या कलमाचा आधार उरत नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी

तुमच्यासाठी यार्डच. एनईसीत भर असतो नव्या मॉडेलांवर. जुनी गाडी बघताना ओलाव्याचं मीटर भिंतींना लावून बघायचं असतं. १५ टक्क्यांच्या आतला आकडा बरा, २० च्या वर गेला तर दुरुस्तीचा खर्च विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. क्रिस या कॅरव्हॅनच्या देशव्यापी नोंदणीवर चोरीचं किंवा थकलेल्या कर्जाचं काही निघतं का तेही तपासायचं. १९९२ पासूनच्या ब्रिटिश कॅरव्हॅन त्या नोंदणीत असतात. यातलं काहीच गर्दीच्या हॉलमध्ये होत नाही.

न्यूअर्क, मॉलव्हर्न, लिंकन अशा शोग्राउंडवरची उघड्यावरची मोटरहोम प्रदर्शनं वेगळी. तिथे लोक आपलं मोटरहोम घेऊन तीन-चार रात्री मुक्कामालाच येतात. अजून गाडीच नसेल तर तिथला अर्धा आनंद हुकतो, पण एक दिवसाचं तिकीट काढून संध्याकाळी मालकांशी बोललात तर सेल्समन सांगणार नाही ते कळतं. कोणता हीटर रात्री आवाज करतो, कोणत्या दाराची कडी दुसऱ्या वर्षी सैल होते, हे मला तिथेच समजलं.

गाडी आधीच घेतली असेल आणि फक्त ऑनिंग बघायचं असेल, तरी मी एनईसीला जा म्हणेन. डझनावारी ऑनिंग फुगवून उभी केलेली असतात आणि आत शिरून उंची बघता येते. पूर्ण लांबीचं घेणार असाल तर निघण्याआधी गाडीच्या बाजूच्या खाचेची लांबी मोजून घ्या, एका बाजूला जमिनीपासून वर, छतावरून आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा जमिनीपर्यंत, सेंटिमीटरमध्ये. स्टँडवर पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि आमच्यासमोर एक जोडपं तो आकडा माहीत नसल्यामुळे तसंच परत गेलं होतं.