वर्गात ‘वुल्फक्वेस्ट’: काही महिन्यांच्या वापरानंतर

परिसंस्था हा घटक शिकवताना ‘वुल्फक्वेस्ट’ हा संगणकीय खेळ मी गेले काही महिने विज्ञानाच्या तासाला वापरत आहे. अमेरिकेतील मिनेसोटा प्राणिसंग्रहालय आणि एज्युवेब ही कंपनी यांनी २००७ साली तो शैक्षणिक हेतूने आणला. त्याची नवी आवृत्ती विकत घ्यावी लागते. अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातला लांडगा होऊन वासावरून माग काढायचा, जोडीदार शोधायचा, हद्द राखायची आणि पिल्ले वाढवायची, असा हा खेळ आहे.

सुरुवातीच्या तासांत मुले नुसती धावत सुटत आणि दिसेल त्या कोयोटीशी (कोल्ह्यासारख्या प्राण्याशी) भांडत. खरे शिकणे सुरू झाले ते शिकारीचे प्रयत्न फसू लागल्यावर. एका मुलीने कळपातला सर्वांत दांडगा शिंगाळा एल्क (एक मोठे हरीण) हेरला आणि लाथा खाऊन तिचा लांडगा मेला. जेमतेम पंचेचाळीस किलोंच्या प्राण्याने तीनशे किलोंच्या नरावर एकट्याने झेप घेण्यात काय धोका असतो, हे मग वेगळे सांगावे लागले नाही. त्यानंतर ती आधी कळपाला पळवून मागे कोण पडते ते पाहू लागली. खरे लांडगेही सावज असेच पारखतात, आणि त्यांचेही बहुतेक पाठलाग वाया जातात.

एका संगणकावर दोघे बसवावेत, हे माझे ठाम मत आहे. एकाने खेळावे आणि दुसऱ्याने प्रत्येक पाठलागात कोणते सावज निवडले, किती दमसास खर्ची पडला आणि हाती काय आले, याची वहीत नोंद करावी. ही वही नसेल तर तो तास निव्वळ करमणुकीचा होतो (मुलांची त्याला अर्थातच हरकत नसते).

पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत असल्याने प्राण्यांची व कृतींची नावे आधी फळ्यावर लिहावी लागतात. शिकारीची दृश्ये असल्यामुळे पालकांना पूर्वकल्पना दिलेली बरी.

मर्यादा आहे ती दृष्टीची. खेळ एका लांडग्याच्या नजरेतून चालतो. त्यामुळे भूक, थकवा आणि हद्द उत्तम कळते, पण संपूर्ण अधिवासातील संख्येचे चढउतार कळत नाहीत. यलोस्टोनमधले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले गेले आणि १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे तेथे आणून सोडण्यात आले, हे सांगितल्यावर लांडग्यांमुळे एल्क घटले, काठावरची झाडे पुन्हा वाढली आणि तिथल्या नद्यासुद्धा बदलल्या, ही प्रसिद्ध गोष्ट कोणीतरी हमखास काढतो. तिच्याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. अस्वले, प्यूमा (एक मोठे रानमांजर), माणसांनी केलेली शिकार आणि दुष्काळ यांचाही एल्कच्या संख्येवर परिणाम झालेला असल्याने सगळे श्रेय लांडग्यांना देता येत नाही. यासाठी मी खेळ बंद करून आलेख काढायला लावते, आणि त्याला एक संपूर्ण तास द्यावा लागतो. तेवढा वेळ हाताशी नसेल, तर निदान या घटकासाठी हा खेळ विकत घेऊ नये.