परदेशी स्वयंसेवा: वर्षभराची नेमणूक की हंगामापुरती शेतावरची मदत

परदेशात स्वयंसेवक म्हणून जाण्याचे मार्ग अनेक असले, तरी आपल्याकडच्या तरुणांची निवड बहुधा दोहोंपाशी अडते. पहिला मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाचा; तो १९७० साली स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय जर्मनीत बॉन येथे आहे. दुसरा 'वूफ' (WWOOF) या सेंद्रिय शेतांच्या जाळ्याचा, जो १९७१ साली इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड यांनी सुरू केला. यात सेंद्रिय शेतावर दिवसाचे साधारण चार ते सहा तास काम करायचे आणि बदल्यात शेतकऱ्याच्या घरी राहायचे, जेवायचे. दोहोंची उद्दिष्टे माहितीपत्रकात सुंदरच दिसतात. म्हणून मी तुलना करते ती रोजच्या त्रासाची, कारण कोणता त्रास आपल्याला सोसवेल यावरच तिथला मुक्काम निभतो.

पहिल्या मार्गासाठी युगांडाचे उदाहरण घ्या. आफ्रिकेत सर्वाधिक निर्वासितांना आश्रय देणाऱ्या या देशात नाकिवालेसारख्या जुन्या वसाहतीत नेमणूक झाली, तर निर्वाहभत्ता, आरोग्यविमा आणि प्रवासखर्च मिळतो. मात्र निवडीला कित्येक महिने लागू शकतात आणि पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. खरा कस पुढे लागतो. वसाहतीत जायला गाडी हवी, गाडीला मंजुरी हवी, आणि मंजुरी देणारे अधिकारी बैठकीला गेलेले असतात. काँगोहून आलेल्या बाईंना विचारलेला साधा प्रश्न इंग्रजीतून स्वाहिलीत आणि तिथून त्यांच्या बोलीत जातो, तेव्हा उत्तर हाती येईपर्यंत मूळ मुद्दाच बदललेला असतो. केलेल्या कामाचा परिणाम तर अनेकदा आपली मुदत संपल्यावर दिसतो. या सगळ्यात समाधान मिळते ते बारीकसारीक गोष्टींतून: पाणी समितीच्या सचिव एके दिवशी नोंदवही आपल्या मदतीशिवाय भरतात, किंवा रस्त्याकडेचा विक्रेता अंडे, कोबी आणि टोमॅटो घालून चपातीची गुंडाळी हातात ठेवताना आपल्याला नावाने हाक मारतो. ही चपाती भारतीयांबरोबरच पूर्व आफ्रिकेत पोहोचली आणि आता तिथलीच झाली आहे. घराची आठवण दाटून आलेल्या माणसाला तिचा केवढा आधार वाटतो!

इटलीतल्या ऑलिव्हच्या शेतावर त्रास वेगळा आणि बराचसा शारीरिक असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तोडणीत झाडाखाली जाळी अंथरायची, हाताच्या दाताळ्याने फांद्या विंचरायच्या, पाने निवडायची आणि क्रेट वाहायचे. फळे आंबू नयेत म्हणून शक्यतो त्याच दिवशी घाण्यावर पोहोचवायची असल्याने ठरलेले तास अशा वेळी सहज वाढतात. यजमान चांगला नसेल, तर दाद मागायला जवळपास कोणी नसते. पण फळ रात्रीपर्यंत डोळ्यांदेखत तेल होऊन येते. हिरवेगार, घशाला किंचित झोंबणारे ते ताजे तेल भाजलेल्या पावावर खाताना दिवसभराच्या श्रमांचा मोबदला जागच्या जागी मिळतो, आणि हे सुख पहिल्या मार्गात क्वचितच वाट्याला येते.

परिचारिका, अभियंते, लेखापाल असे एखाद्या कामाचा चार-पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांनी, विरस झाला तरी टिकून राहण्याची तयारी असल्यास, पहिला मार्ग धरावा. शेती शिकायची आहे पण वर्ष देता येत नाही, अशांना दुसरा मार्ग योग्य ठरेल. मात्र ती श्रमांची देवाणघेवाण आहे, तिला गरजूंची सेवा समजून जाऊ नये. खर्चाच्या दृष्टीनेही ती जड पडते, कारण विमानभाडे, सदस्यत्वशुल्क आणि शेंगेन व्हिसासाठी (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) लागणारा किमान ३०,००० युरो संरक्षणाचा विमा हे सारे स्वतःच्या खिशातून करायचे असते. शिवाय पर्यटक व्हिसावर असे काम चालते का, हे त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी विचारून घ्यावे आणि अर्जात हेतू लपवू नये. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा येत्या तोडणीला जायचे असेल तर यजमानाशी पत्रव्यवहार उन्हाळ्यातच सुरू करावा आणि कामाचे तास, सुट्टीचा दिवस व झोपण्याची सोय या तीन गोष्टी तिकीट काढण्यापूर्वी ठरवून घ्याव्यात.