पोर्तुगीज पासपोर्टचं काम : म्हापशातलं हे ऑफिस चांगलं आहे

मार्केटच्या मागे आहे, भाच्याच्या कामासाठी गेलो होतो आणि मनापासून सांगतो, जा इथे. आजोबांचा जन्म गोव्यातला, 1961 च्या आधीचा, त्यामुळे लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, पण जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक आणि लग्नाच्या दाखल्यावर वेगळं, मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिलीने गोल करून दाखवलं, म्हणाल्या हे आधी सुधारून आणा मगच फाईल घेते.

भाच्याला यूकेला जायचंय. त्या सरळ बोलल्या, ब्रेक्झिट झालं, 2020 संपताना फ्री मूव्हमेंट, म्हणजे युरोपियन युनियनच्या (ईयू) लोकांना तिथे व्हिसाशिवाय राहायची-कामाची मुभा, ती पण संपली, आता पोर्तुगीज पासपोर्टवर सुद्धा तिथे कामाला व्हिसा लागतो आणि नुसतं फिरायला गेलास तरी एप्रिल 2025 पासून आधी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, काढावी लागते. भाचा म्हणाला, मग आयर्लंडमध्ये डब्लिनला उतरून बसने बेलफास्टला, म्हणजे यूकेतच, गेलो तर? मॅडम म्हणाल्या, रस्त्यावर चौकी नाही हे खरं, पण कॉमन ट्रॅव्हल एरियातला (यूके आणि आयर्लंडमधली एकमेकांकडे ये-जा करायची व्यवस्था) राहण्या-कामाचा हक्क ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांनाच, तू तिथे बेकायदा ठरशील. आयर्लंडमध्येच राहून काम कर, ते ईयूत आहे, चालतं. दुसऱ्या एका एजंटने हाच बेलफास्टचा रस्ता "होऊन जाईल रे" म्हणून सांगितलेला, भयंकर राग येतो असल्या लोकांचा, पोरं कर्ज काढून जातात हो!

भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, दुहेरी नागरिकत्व नाही, हेही आधीच सांगतात. बसायला जागा कमी, झेरॉक्स बाहेरून काढून न्या.