मोजणीवाल्याचा ट्रायपॉड : आठ महिन्यांनंतर

आमच्या गोंदियाकडे तलावाच्या पाळीवर तीन पायांचं काही उभं केलं की पहिला प्रश्न ठरलेला : "भाऊ, मोजणी करून राहिले का? रोड कोनाच्या वावरातून जाते?" गेल्या जुलैत, ऐन रोवणीत, हा कार्बन फायबरचा ट्रायपॉड घेतला तेव्हापासून हे ऐकतोय. धानाच्या बांधीतले सारस आणि हिवाळ्यात तलावावर उतरणारे पट्टकादंब हंस, एवढ्यासाठीच हा खर्च. वर १५०-६०० मिमीची लेन्स आणि दीडपट क्रॉपचा, म्हणजे लहान सेन्सरचा, जुना डीएसएलआर. म्हणजे ६०० वर चौकट ९०० एवढी आवळते, आणि थरथरही त्याच मापानं मोठी दिसते.

पहिला महिना पस्तावलो. पहाटे १/१५ सेकंदाला टिपलेल्या सारसाला दोन-दोन चोची! पक्षी हलला असेल अशी मनाची समजूत घातली, पण मागच्या धुऱ्यावरचं गवतही दुहेरी. वारा नव्हता. हलला तो कॅमेराच. गंमत म्हणजे त्याआधी अंधारात २ सेकंदांना काढलेलं मोहाचं झाड खणखणीत होतं. गोम आरशात होती. बटण दाबलं की डीएसएलआरचा आरसा उसळून आदळतो आणि त्या धक्क्याची थरथर क्षणभर टिकते. १/१००० ला ती दिसण्याआधीच फोटो संपतो, २ सेकंदांत तिचा वाटा चिमूटभर. साधारण १/३० ते १/२ या पट्ट्यात मात्र ती पुरेपूर उमटते. मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवायची सोय) आणि वायरचा रिमोट, निम्मं दुखणं गेलं.

उरलेलं निम्मं माझ्या सवयींचं. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चित्र, दहापट मोठा करायचा, लेन्सच्या हुडवर टिचकी मारायची आणि चित्र कधी थांबतं ते बघायचं, ही ओसरीवरची परीक्षा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर असला की चित्र डुलतच राहतं, खाली बसवला की चटकन थांबतं. तेव्हापासून मी पाळीवर मांडी घालून बसतो. गळ्याचा पट्टा फडफडतो, काढून टाकला. वजनासाठी ट्रायपॉडच्या हुकाला लटकवलेली पिशवी वाऱ्यात पाळण्यासारखी झुलते. मातीची चुंगडी जमिनीला टेकेल अशी बांधली तरच उपयोग. लेन्सचं स्टॅबिलायझेशनही (थरथर आवरायची सोय) बंद, कारण माझ्या जुन्या लेन्समध्ये ते चालू ठेवलं की चित्र आपलं आपण सरकतं.

सारस चालू लागला की रिमोट बाजूला. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) वाढवून शटर १/५०० च्या वर, डावा तळवा लेन्सच्या नळीवर, डोळा रबराला घट्ट. फोटो दाणेदार आला तर चालतो, हललेला नाही.

सोबत आलेला बॉल हेड, म्हणजे पायांवर कॅमेरा धरणारी गोळीची मान, मात्र टाकाऊ. चौकट जुळवून हात सोडला की लेन्स मान टाकते. दोन महिन्यांत जड लेन्स तोलून धरणारा गिंबल हेड घ्यावा लागला. पाय परत हेच घेईन, फक्त पिळाच्या लॉकमध्ये बांधीचा गाळ जाऊन करकर होते, उघडून धुवावे लागतात. ओल्या पाळीवर पाय हळूहळू रुततातही. आधीच दाबून बसवा, नाहीतर खाली चपटे दगड द्या.

थंडीत उन्हं चढली की हंस पाण्यावर विरघळल्यासारखे दिसतात. ती तापल्या हवेची झळ, तिला कुठलाच ट्रायपॉड पुरत नाही. तोवर मोजणीची चौकशी करणारे दोघं-तिघं जमलेले असतात, म्हणून सामान लगेच बांधत नाही. एकेकाला लेन्समधून हंस दाखवतो.